पाणी चढायचं तेव्हा

सांगलीत कृष्णाकाठी वाढलेल्या आमच्या पिढीला पुराचं अप्रूप असायचं. पाणी चढलं की आजी खणा-नारळानं कृष्णामाईची ओटी भरायची आणि आम्ही चुलत-आत्ते भावंडं आयर्विन पुलावर पाणी बघायला पळायचो. रात्रीत किती फूट वाढेल यावर पैजा लागायच्या. शाळेला सुट्टी आणि घरात कांदाभजी! "माई आली तशी जाईल," आजी म्हणायची. माई जायचीही, आणि आम्ही गाढ झोपायचो.

2005 साली हरिपूरला हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं, तेव्हा जुनीजाणती माणसंही हबकली. ऑगस्ट 2019 मध्ये तर पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. ब्रह्मनाळ गावात लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली. 2021 च्या जुलैत पुन्हा घरं सोडावी लागली. असं का होतं? हवा तापली की ती जास्त बाष्प धरून ठेवते, आणि महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो.

2019 मध्ये माझी पुतणी सहावीत होती. पाणी उतरल्यावर घर उघडलं, तर तिच्या वह्यांची पानं गाळानं एकमेकांना चिकटलेली. ती एकेक पान सोडवत बसली होती. आता ती कॉलेजात आहे. पावसाचा जोर वाढला की मध्यरात्री उठून मोबाईलवर कोयना धरणाचा विसर्ग बघते. मार्कशीट आणि आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उशाशी ठेवते. "काकू, दरवर्षी असंच होणार असेल तर इथं घर तरी कशाला बांधायचं?" असं तिनं विचारलं, तेव्हा कुणालाच उत्तर सुचलं नाही.

अशी ती एकटी नाही. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये 2021 साली आलेल्या पाहणीत भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10 हजार मुलामुलींना विचारलं होतं. हवामानाच्या काळजीचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असं 45 टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं.

आमच्या वयाच्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, पोरांना "काही होत नाही" म्हणून गप्प करू नका. पावसाळ्याआधी त्यांच्याबरोबर बसून ठरवा: पाणी आलं तर कुठं जायचं, काय आधी उचलायचं, शेजारच्या म्हाताऱ्यांना कोण नेणार. ठरवण्यात त्यांचा हात असला की भीती थोडी आटोक्यात येते. आणि झोप उडाली, जेवण सुटलं, तर 14416 या मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस'च्या मोफत क्रमांकावर फोन लावून द्या.