पंधरा दिवसांची अंडी

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाचा घराला नेमका काय उपयोग, हा प्रश्न आमच्या आळीत अधूनमधून चर्चेला येतो. आय. टी. आय. झालेला मुलगा निदान पंखा तरी दुरुस्त करतो. मी पडलो इतिहास आणि मराठीवाला! माझ्याआधी आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. तेव्हा हा उपयोग कशाशी ताडून पाहावा, हेही कोणाला ठाऊक नाही.

घरात खऱ्या उपयोगाच्या आहेत त्या कोंबड्या. परसात खुराडे आहे. त्यात सात कोंबड्या, दोन तलंगा आणि एक कोंबडा. आईचे हे खाते स्वतंत्र. वडिलांची मजुरी किराण्यात आणि उधारीत जाते; अंड्यांचे पैसे आईच्या डब्यात जातात आणि डब्यातून माझ्याकडे येतात. बारा रुपयांना एक गावरान अंडे. माझ्या वह्या, पुस्तके, परीक्षेचे फॉर्म हे सारे या कोंबड्यांनीच घातले आहे, असे म्हटले तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात कोंबड्यांना सर्दी झाली. नाके वाहू लागली, डोळे सुजले, रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येई. दोघीजणी पंख पाडून कोपऱ्यात बसल्या. मानमोडीची लस आईने वेळेवर दिली होती, म्हणून ती धास्ती कमी होती. बाजाराच्या दिवशी एका दुकानदाराने तिला पांढऱ्या भुकटीची सुटी पुडी बांधून दिली. "पाण्यातून पाजा," म्हणाला. अंड्यांचे काय करायचे, असे आईने विचारले तर तो हसला. "खायची की! अंड्याला काय होतंय?"

आईचे काही समाधान झाले नाही. शेजारची वहिनी सात महिन्यांची गरोदर. तिला आमच्याकडचे एक अंडे रोज जाई. आई मला म्हणाली, "अंगावर पिणारं लेकरू असलं की आईनं खाल्लेलं त्याला बाधतंय. मग कोंबडीनं प्यालेलं औशीद अंड्यात उतरत न्हाई व्हय? जा, इचारून ये."

पुडीवर ना नाव, ना तारीख. ती खिशात आणि एक आजारी कोंबडी पिशवीत घालून मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. (कोंबडीचे अर्धे तिकीट काढावे काय, यावर कंडक्टर आणि एक म्हातारबाबा यांच्यात जी चर्चा झाली, ती वेगळ्या लेखाचा विषय आहे.) डॉक्टरबाईंनी पुडी बाजूला सारली. कोंबडी तपासून ऑक्सिटेट्रासायक्लिन लिहून दिले, पाच दिवस. मग आईचा प्रश्न मी त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, "आईंचं अगदी बरोबर आहे."

त्यांनी जे समजावले ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा रंजक वाटले. अंड्याचे पांढरे दोन-तीन तासांत चढते, कवचाला वीसेक तास लागतात. परंतु पिवळा बलक भरायला सुमारे दहा दिवस जातात. कोंबडीच्या पोटात असे लहानमोठे अनेक बलक रांगेने भरत असतात. आज पाजलेले औषध त्या साऱ्यांत थोडेथोडे उतरते. म्हणजे औषध थांबल्यावर आठवड्याने घातलेल्या अंड्यातही ते सापडू शकते. उकडल्याने वा तळल्याने ते खात्रीने जाते असे नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे पटायला वेळ लागला नाही. अंडे आजचे दिसते. त्यात मजकूर मागच्या दहा दिवसांचा असतो!

टेट्रासायक्लिन कॅल्शियमला धरून बसते. वाढत्या दातांत ते उतरले तर दातांवर कायमचे पिवळे डाग पडतात. म्हणून गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना डॉक्टर ते सहसा देत नाहीत. एका अंड्याने दात पिवळे होतील असे नाही, हेही बाईंनी सांगितले. खरी भीती दुसरी आहे. औषधाची अपुरी मात्रा पुन्हा पुन्हा मिळाली की जंतू तिला सरावतात आणि मग माणसाच्या दुखण्यातही ते औषध चालेनासे होते. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन आपल्या सरकारने 2019 मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यास बंद केले, ते याच कारणाने.

आपल्याकडे 2012 पासून नियमही आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर, शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस अंडी, दूध वा मांस वापरू नये, ते छापले पाहिजे. छापलेले नसेल तर अंडी व दूध निदान सात दिवस आणि कोंबडीचे मांस अठ्ठावीस दिवस वर्ज्य. आमच्यासाठी बाईंनी दहा दिवस सांगितले. पाच आणि दहा, पंधरा.

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाने खूण केली. पंधरा दिवसांत एकसष्ट अंडी झाली. रोज संध्याकाळी ती वेचायची, परसाच्या टोकाला खड्ड्यात फोडून पुरायची आणि वर दगड ठेवायचा. सातशे बत्तीस रुपये आम्ही मातीत घातले. वहिनीच्या सासूला वाटले, आम्ही हॉटेलवाल्याला जादा दराने अंडी देऊ लागलो. त्या चार दिवस बोलल्या नाहीत. एका पाहुण्याने कोंबड्याचे सहाशे रुपये देऊ केले. कोंबड्यानेही तेच पाणी प्यालेले. आईने बोटांवर अठ्ठावीस मोजले आणि नाही म्हणून सांगितले.

त्याच पंधरवड्यात माझ्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आली. डबा रिकामा होता. मी म्हणालो, "आई, निदान निम्मी अंडी बाजारात..." तिने मला बोलू दिले नाही. "बाजारात खानारी कुनाची तरी सूनच आसंल," एवढेच म्हणाली, आणि बचत गटातून पाचशे रुपये उचलून आणले. त्याचा शेवटचा हप्ता अजून जायचा आहे.

कोंबड्या बऱ्या झाल्या. वहिनीला मुलगी झाली. पण त्या औषधाच्या डब्यावरची ओळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. अंड्यांविषयीची ती सूचना इंग्रजीत होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. कायद्याने ती छापायला लावली. पण कोंबड्या पाळतात त्या बायांपैकी किती जणींना ती वाचता येते? आणि सुट्या पुडीवर तर तेवढीही नसते. आईला ती ओळ वाचता येत नव्हती. प्रश्न मात्र तिला आधीच पडला होता. सगळ्यांनाच तो पडेल असे नाही.

हल्ली आळीतल्या बाया औषधाचे डबे घेऊन माझ्याकडे येतात. मी जाड पेनाने त्यावर मराठीत लिहून देतो : 'शेवटच्या मात्रेनंतर इतके दिवस अंडी खाऊ नका, विकू नका.' अक्षर मुद्दाम मोठे काढतो.