ओट्यावरच्या भेगा

बोदवडच्या आमच्या ओट्यावर केसाएवढ्या बारीक भेगा आहेत. त्या माझ्यामुळे पडल्या.

एम.टेक.ला माझा विषय एलसी-थ्री सिमेंट होता. ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी, ५ टक्के जिप्सम. क्लिंकरला सुमारे १४५० अंश लागतात, मातीला ७०० ते ८५० पुरतात. कार्बन कमी. २०२३ साली त्याचं भारतीय मानकही आलं. उरलेल्या दोन गोण्या मी मे महिन्यात घरी आणल्या आणि तोऱ्यात आप्पांना म्हणालो, "ओटा याचाच करू."

सकाळी अकराला माल टाकला. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, याच्यावर पाणीच सुटत नाही." मला ते कौतुक वाटलं. तीनला भेगा दिसल्या. आप्पा मला काही बोलले नाहीत. शेजाऱ्यांना मात्र म्हणाले, "पोरगा शिकतोय अजून."

मिस्त्रींनी दुखणं आधीच ओळखलं होतं. नेहमीच्या काँक्रीटमध्ये थोडं पाणी वर येतं आणि पृष्ठभाग ओला राहतो. भाजलेल्या मातीचे बारीक, पापुद्र्यासारखे कण ते पाणी धरून ठेवतात. वरून ऊन-वारा शोषतो, खालून भरपाई होत नाही. मग बारीक छिद्रांतलं पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं. उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं, तसंच. पुढचे काही दिवस रासायनिक क्रियाही आतलं पाणी पिते, आणि आकसणं चालूच राहतं.

हे मी प्रबंधात लिहिलं होतं. पण माझे ठोकळे २७ अंशांच्या पाण्यात बुडलेले असायचे. बोदवडला मेमध्ये पारा चव्वेचाळीसवर जातो आणि नळाला रोज पाणी येत नाही.

दुसऱ्या गोणीतून मागच्या दारी पायरी केली. या वेळी संध्याकाळी. थापी फिरवली की लगेच प्लास्टिक अंथरलं. सकाळी ओलं गोणपाट, त्यावर पुन्हा तेच प्लास्टिक, सात दिवस. आईनं पाणी मारायला एकच ड्रम दिला होता. झाकल्यामुळे तो पुरला. पायरीला भेग नाही.

उद्या हे सिमेंट गावात विकायला येईल. पहिलाच ओटा तडकला, तर लोक सिमेंटला नावं ठेवतील आणि पुन्हा घेणार नाहीत. म्हणून पुढचा ओटा मी बुजवत नाही. कुणी विचारलं की आधी तो दाखवतो, मग मागच्या दारी नेतो.