चाचणीचा टेक

शीवचा रेल्वेवरचा पूल १ ऑगस्ट २०२४ रोजी वाहनांसाठी बंद झाला, तेव्हा त्याच्यावरच्या व्हिडिओच्या पहिल्या वाक्याचे एकतीस खर्डे माझ्या वहीत होते आणि कॅमेऱ्यात एकही धड टेक नव्हता. १९१२ सालचा पूल. रेल्वेच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी तो पाडणार हे आधीपासून छापून येत होतं. तारखा पुढे जात होत्या, आणि पुढे गेलेली प्रत्येक तारीख मी स्वतःला मिळालेली सवलत समजत होते.

मुंबईच्या जुन्या दगडांवर मी मराठीत छोटे व्हिडिओ करते, त्याला सात वर्षं झाली. कागदपत्रं धुंडाळायचा मला कंटाळा नाही, एडिटला रात्र गेली तरी चालते. अडतं ते पहिल्या वाक्यापाशी.

'शीव' हाच शब्द घ्या. शीव म्हणजे गावाची हद्द, असं सरळ सांगून सुरुवात करावी, तर ते शाळेतल्या फळ्यावरचं वाटतं. 'इथे मुंबई संपायची' म्हणावं, तर त्यात जोर आहे, पण लगेच मनात कुणीतरी विचारतं, कुठली मुंबई? सात बेटांतलं हे परळचं बेट. १८०५ साली शीवचा बांध पुरा होईपर्यंत पलीकडच्या साष्टीला जायचं तर मध्ये खाडी. मग बेटापासून सुरू करू? की 'सायन'पासून? जेझुइटांनी इथल्या प्रार्थनामंदिराला जेरुसलेमच्या झायन टेकडीचं नाव दिलं, त्यावरून सायन आलं, असं काहीजण सांगतात. ते आधी घेतलं तर मराठी शब्द दुय्यम होतो. नंतर घेतलं तर लपवल्यासारखं वाटतं. या एका शब्दावर मी अख्खा श्रावण घालवलेला आहे. एक वाक्य रात्री सोन्यासारखं वाटायचं, सकाळी माइक लावून म्हटलं की घशात अडकायचं. सव्विसाव्या टेकला माझा आवाज मलाच उसना वाटू लागे. मग मी प्रकाश गेला म्हणून सामान आवरायचे. प्रकाश बहुतेक वेळा असायचा.

भुवया उंचावून 'तुम्हाला हे माहीत आहे का?' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. २०२० मध्ये टिकटॉक गेलं, रील्स आणि शॉर्ट्स आले, आणि त्यानंतर आमच्या क्षेत्रातल्या वाक्यांची क्रियापदंच गळाली. भीतीदायक पार्श्वसंगीत, दोन शब्द, कट, दोन शब्द, कट. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. हे मला ऱ्हासाचं लक्षण वाटतं आणि तसं मी म्हणत राहणार. एका चॅनेलने शीवचा किल्ला पोर्तुगिजांचा म्हणून सांगितला. तो इंग्रजांचा, गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअरच्या काळातला, १६६९ ते १६७७ दरम्यान बांधलेला. त्या व्हिडिओला लाखांनी प्रेक्षक मिळाले. मी दोन दिवस जेवले नाही, आणि ते इतिहासाच्या प्रेमापोटी नव्हतं. तो माणूस चुकीचं बोलत होता, पण सहज बोलत होता. त्या सहजतेचा मला हेवा वाटला.

अचूकतेच्या नावाखाली मी जे जपत होते, तो माझा मान होता, हे लिहायला मला जड जातंय. प्रेक्षकांत चार-पाच जाणकार आहेत. त्यांच्यातल्या एकाने तरी 'वा' म्हणावं म्हणून मी वाक्यं घासत बसले. पूल ज्यांच्या रोजच्या पायाखालचा, ती धारावीहून स्टेशनाकडे येणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर कधी आलीच नाहीत. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली आलं आणि १८६५ साली ते गेले. आठवलं की आजही पोटात गोळा येतो. ते पहिल्या वाक्यापाशी थांबून राहिले असते तर?

पूल बंद झाल्यावर आठवड्याने शेजारचा मुलगा आला. सतरा वर्षांचा आहे, माझा कॅमेरा तोच धरतो. म्हणाला, "काकू, मे महिन्यातली माइकची चाचणी माझ्या फोनमध्ये राहिलीय. पुसू का?" बावन्न सेकंदांची क्लिप. चौकट वाकडी, मधे ट्रकचा भोंगा. कठड्याला हात लावून मी त्याला सांगतेय, "हे बघ, इकडून शीव, तिकडे धारावी. बाबा मला खांद्यावर घेऊन इथून गाड्या दाखवायचे." वाक्य संपायच्या आत खालून लोकल जाते आणि मी बोलायची थांबून खाली बघते. पुलाचं माझ्याकडे एवढंच उरलं आहे.

ती क्लिप मी तशीच टाकली. जाणकारांपैकी कुणी काही लिहिलं नाही. चामड्याच्या कामाला रोज पूल ओलांडणाऱ्या आपल्या वडिलांबद्दल एका बाईंनी लिहिलं, आणि ते मी किती वेळा वाचलं याचा हिशेब नाही.

तेव्हापासून वही घरी ठेवते. सुरुवात कॅमेऱ्याकडे बघून करत नाही, त्या मुलाला सांगते. अडणं मात्र सुटलेलं नाही. गेल्या रविवारी धारावीच्या काळ्या किल्ल्यावर गेलो. तिथल्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ साल आहे. मी छान सांगत होते, तेवढ्यात फोनवरचा लाल ठिपका दिसला आणि आवाज एकदम ताठ झाला. दोघांनाही ते कळलं. सहा टेक झाले. सातव्याला मी लेखाकडे वळले आणि त्याला विचारलं, "हा आकडा तुला वाचता येतो का रे?"

तो वाचायला पुढे वाकला आणि चौकट हलली. ते मी कापलेलं नाही.