स्लाऊ, स्क्रँटन, फरिदाबाद

ब्रिटिश मालिका सरस की अमेरिकन, या वादात दोन पक्ष आहेत. माझं दोघांशीही पटतं, म्हणून दोघेही मला आपलं मानत नाहीत. वाद कुठूनही सुरू झाला तरी शेवटी 'द ऑफिस'वर येऊन थांबतो आणि ते योग्यच आहे. एकच गोष्ट दोन देशांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे सांगितल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही. फक्त या वादात एका तिसऱ्या गावाचं नाव कुणी घेत नाही. २०१९ साली हॉटस्टारने 'द ऑफिस' हिंदीत आणली आणि तिचं कार्यालय थाटलं फरिदाबादला. मी नोएडात राहते, भाषांतरावर पोट भरते आणि माझं सासर फरिदाबादचं. तेव्हा हा विषय मी सोडणं शक्य नव्हतं.

आधी मूळ. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांनी लिहिलेली ही मालिका जुलै २००१ मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ नावाचं गाव, तिथे कागद विकणारी वर्नहॅम हॉग ही कंपनी आणि तिचा शाखाप्रमुख डेव्हिड ब्रेंट. आपण भारी विनोदी आहोत आणि हाताखालची माणसं आपल्यावर जीव टाकतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. सहा-सहा भागांचे दोन सीझन, २००३ च्या नाताळात दोन खास भाग, आणि दुकान बंद. एकूण चौदा भाग. अमेरिकन आवृत्ती एनबीसीवर २००५ ते २०१३ चालली. नऊ सीझन, २०१ भाग. कंपनी डंडर मिफ्लिन, गाव पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, साहेब मायकल स्कॉट. ब्रिटिश पक्षाचे लोक हे आकडे तोंडावर फेकतात आणि वाद जिंकल्यासारखे बसतात. त्यांना मी एवढंच विचारते, आजारी असताना तुम्ही कुठली लावता? मी अमेरिकन लावते. ब्रेंटला अंगात ताप असताना पाहवत नाही.

या दोन आवृत्त्यांच्या मध्ये जे घडलं ते भाषांतराच्या वर्गात शिकवावं असं आहे. अमेरिकनांचा पहिला भाग म्हणजे ब्रिटिश पहिल्या भागाची जवळजवळ वाक्याला वाक्य अशी नक्कल होती. तेच विनोद, तीच शांतता, तोच नोकरकपातीचा धाक. भाग जमला नाही. शब्द सगळे पोचले होते, पण तो ओशाळेपणा समुद्रापलीकडे गेल्यावर नुसता दुष्टपणा वाटत होता. पहिला सीझन सहा भागांत आटोपला. दुसऱ्या सीझनपासून ग्रेग डॅनियल्स आणि त्याच्या लेखकांनी मायकलला माणसात आणलं. त्याचे केससुद्धा नीट बसवले. तो मूर्ख राहिला, पण काम त्याला येतं, विक्री करताना तो तरबेज असतो आणि प्रेमाला भुकेलेला असतो, हे दिसू लागलं. ऑफिस हे त्याचं कुटुंब झालं. सातव्या सीझनमध्ये तो लग्न ठरवून कोलोरॅडोला निघून जातो तेव्हा स्क्रँटन रडतं आणि मीही रडते. दरवेळी.

ब्रेंटच्या वाट्याला यातलं काही येत नाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे एका धर्मादाय दिवसासाठी तो शहामृगावर स्वार झाल्यासारखा पोशाख घालून ऑफिसात हिंडत असतो, आणि त्याच पोशाखात त्याला सांगितलं जातं की तुमची नोकरी गेली. पुढच्या भागात तो वरिष्ठांसमोर गयावया करतो. कॅमेरा हटत नाही. नाताळच्या खास भागांत तो फिरता विक्रेता झालेला असतो आणि तिथे अगदी शेवटी लेखक त्याच्यावर एकदाच, मोजून, दया करतात. इतका वेळ कोरडं ठेवल्यामुळे ती दया घशाखाली उतरते.

याला कुणी राष्ट्रीय स्वभाव म्हणतं. मला त्यात धंद्याचा भागही दिसतो. २०१ भाग चालवायचे तर लोकांना दर आठवड्याला त्या माणसाकडे परत यावंसं वाटलं पाहिजे. पण ही खोड टीव्हीच्याही आधीची आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये एलायझा हिगिन्सची होत नाही. लोक ऐकेनात तेव्हा शॉने १९१६ साली एक लांबलचक उत्तरकथन लिहून तिचं लग्न फ्रेडीशी लावून टाकलं. पुढे १९५६ मध्ये ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' आली आणि एलायझा शेवटी हिगिन्सच्या दारात परत. आपल्याकडे पु.लं.नी त्याच नाटकावरून 'ती फुलराणी' केलं, तेव्हा त्यांनी सगळी ताकद लावली ती मंजुळाच्या बोलीवर. तिच्या तोंडी कुठली मराठी, कुठल्या गल्लीतली मराठी, हा प्रश्न सुटल्यावर नाटक मराठी झालं. आपण याला 'रूपांतर' म्हणतो आणि भाषांतरापेक्षा एक पायरी खालचं समजतो. माझ्या मते ते उलट आहे, पण ते पुन्हा केव्हातरी.

दिल्लीला रूपांतराचा एक चांगला अनुभव आधीच होता. 'येस मिनिस्टर'ची हिंदी आवृत्ती 'जी मंत्रीजी' २००१ मध्येच स्टार प्लसवर आली. फारूख शेख मंत्री सूर्यप्रकाश सिंह, जयंत कृपलानी सचिव राजनाथ माथुर. ती मूळ पटकथेच्या फार जवळून चालते, तरी परकी वाटत नाही. सर हम्फ्रीची ती नागमोडी वाक्यं हिंदीत कशी आणायची याची चिंता करायचं कारणच नव्हतं, कारण व्हाइटहॉलची ती भाषा आयसीएसमधून आयएएसमध्ये येऊन नॉर्थ ब्लॉकमध्ये कधीची मुरलेली होती.

फरिदाबादला हे घडलं नाही. हिंदी 'ऑफिस' बीबीसीच्याच परवान्याने आली, पण तिने डोळ्यांपुढे ठेवली ती अमेरिकन. भागामागून भाग स्क्रँटनचेच. म्हणजे भाषांतराचं भाषांतर. आपल्याला यात नवल नाही. अर्धं युरोपीय साहित्य मराठीत इंग्रजीच्या दारातून आलं. पण मधल्या भाषेने काय गाळलं होतं हे तपासायचं असतं, आणि इथे गाळला गेला होता तो स्लाऊचा धाक.

मी मालिका पूर्ण पाहिली आणि मला ती वाटली होती तेवढी वाईट नाही वाटली. विल्किन्स चावला हे कंपनीचं नाव तर फर्मास आहे, दिल्लीभोवतीच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत अशी पाटी दिसेल. मुकुल चड्ढाचा जगदीप चड्ढा बरा. खरी कमाई गोपाल दत्तची. त्याचा टी. पी. मिश्रा म्हणजे ब्रिटिश गॅरेथ आणि अमेरिकन ड्वाइट यांचा इकडचा अवतार, आणि फक्त तोच हिंदीत विचार करतो असं वाटतं. 'असिस्टंट रीजनल मॅनेजर' की 'असिस्टंट टू द रीजनल मॅनेजर' हा मूळ दोन्ही मालिकांतला चिरंतन वाद. मराठीत तो सहज जमतो: 'सहायक विभागीय व्यवस्थापक' आणि 'विभागीय व्यवस्थापकांचा सहायक'. आणि उप, सह, अतिरिक्त, प्रभारी या उपसर्गांवर जिथे माणसांची आयुष्यं जातात, त्या दिल्लीत तर हा विनोदच राहत नाही.

जिथे अडलं ते संबोधनात. ब्रेंटला सगळे डेव्हिड म्हणतात, स्कॉटला मायकल. इंग्रजीत 'यू' एकच. मी साहेब नाही, तुमचा दोस्त आहे, हे सोंग ब्रेंटला करता येतं कारण भाषेने तशी सोय करून ठेवली आहे, आणि त्याची सगळी फजिती त्या सोंगातून येते. फरिदाबादच्या ऑफिसात साहेब म्हणजे 'सर' आणि 'आप'. हाताखालचा माणूस 'तुम', शिपाई 'तू'. इथला ब्रेंट 'मला नावाने हाक मारा' म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात चहावाल्या पोराला 'ए, इकडे ये' करेल. ती उडी पकडायला हवी होती. अमेरिकन कागद समोर ठेवून लिहिल्यावर ती दिसत नाही, कारण त्या कागदावर ती नाहीच.

आणि फरिदाबाद. या नावावर दिल्लीकर हसतात, जसे लंडनकर स्लाऊच्या नावावर. स्लाऊवर बॉम्ब पडोत अशी विनवणी करणारी कविता जॉन बेत्जेमनने १९३७ साली छापली होती आणि मालिकेत ब्रेंट ती वाचून तिच्यावर तावातावाने बोलतो. बेत्जेमनला त्रास होता तो तिथल्या नव्या कारखान्यांचा, डबाबंद जगण्याचा. फरिदाबादचीही गोष्ट कारखान्यांचीच, फक्त सुरुवात वेगळी. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माइल खानकडून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं गेलं. कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनने त्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या आणि लोकांनी स्वतः विटा रचून घरं बांधली. त्या वस्तीचं नाव न्यू इंडस्ट्रियल टाउन. आज सगळे एनआयटी म्हणतात. मग बाटा आलं, एस्कॉर्ट्स आलं, शेजारी बल्लभगडला गुडइयर. २०१५ मध्ये मेट्रो आली तेव्हा स्थानकांना नावं पडली बाटा चौक आणि एस्कॉर्ट्स मुजेसर.

माझे सासरे तिथल्याच एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. नव्वदच्या दशकात 'गोल्डन हँडशेक' हा शब्द गावात आला आणि एके दिवशी तो त्यांच्याही हातात पडला. वय सत्तेचाळीस. त्यानंतर त्यांनी जे जे केलं त्याला घरात कुणी नोकरी म्हणत नाही. एकदा मी आणि नवरा ब्रिटिश 'ऑफिस' पाहत होतो, तो शहामृगाच्या पोशाखाचा भाग. पापाजी येऊन मागे उभे राहिले. ते इंग्रजी त्यांना कळण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "इसको निकाल रहे हैं न?" आणि आत निघून गेले. हिंदी आवृत्तीचे दोन भाग त्यांनी आमच्याबरोबर बसून पाहिले आणि हसलेही. नंतर त्यांचा एकच प्रश्न होता, ही माणसं काम कधी करतात?

ज्याची नोकरी जाते त्याला ब्रिटिश इंग्रजीत 'रिडन्डंट' म्हणतात, कायद्यातच तसं आहे. अनावश्यक. अमेरिकन 'ले ऑफ' जरा सौम्य, जणू बाजूला ठेवलंय, लागलं तर पुन्हा घेऊ. हिंदीत छँटनी, झाडाची करतात तशी. मराठीत आपण म्हणतो, "त्याला कामावरून कमी केलं." मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर हे वाक्य किती घरांत बोललं गेलं असेल. कुणीतरी वजाबाकी करावी आणि उरलेल्या आकड्यात तुम्ही नसावं. ब्रेंटची गोष्ट मला या शब्दाशिवाय मराठीत सांगता येणार नाही.

सध्या माझ्या टेबलावर एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर आहे. नायक पन्नाशीचा, बढाईखोर, एकटा, लोकांना नकोसा. प्रकाशकांकडून संपादकांचा निरोप आला: भाषा उत्तम, पण हा माणूस मराठी वाचकाला थोडा आवडला पाहिजे, दोन-तीन ठिकाणी मऊ करता येईल का? मला राग आला नाही. स्क्रँटनवर मीही जीव लावलाच आहे, आणि दुसऱ्या सीझनमधला तो फेरफार हे उत्तम काम होतं हे मी कुणालाही पटवून देईन. पण त्यांनी मायकलला मऊ केलं तेव्हा त्याला नवं गाव, नवी माणसं आणि पुढची कित्येक वर्षं दिली. मला मूळ पुस्तकातल्या तीन वाक्यांची धार तेवढी काढायची आहे. बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. महिनाअखेर उत्तर कळवायचंय, आणि मानधनाचा दुसरा हप्ता त्यावर अडकलाय.

तोवर मी फावल्या वेळात एक प्रसंग रचते आहे, जो फरिदाबादच्या 'ऑफिस'मध्ये असायला हवा होता. शहामृग इथे चालणार नाही. पण एनआयटीत निर्वासितांनी सरहद्दीकडून आणलेली रामलीला आहे, उर्दू संवादांची. तेव्हा दसऱ्याच्या आधी कंपनीने स्टाफची रामलीला ठेवलीय. चड्ढासाहेबांनी अर्थातच रावण स्वतःकडे घेतलाय. गुडगावहून मोठे साहेब येतात, काचेच्या केबिनमध्ये बोलावतात, दार लावून घेतात. पुठ्ठ्याची दहा डोकी दारातून आत जात नाहीत. चड्ढासाहेब आडवे होऊन शिरतात, खुर्चीत मावत नाहीत म्हणून उभेच राहतात आणि म्हणतात, "बोलिए सर." मिश्राजी बाहेर हात जोडून उभे. कॅमेरा काचेबाहेर. आवाज येत नाही.