वीज गेल्यावरचा टेलिफोन

कचेरीतील टेलिफोनची खरी खातरजमा वीज असताना होत नाही. दिवे विझले, पंखे मंदावत थांबले आणि बारनिशीच्या कारकुनाने सवयीने रिसीव्हर उचलला, म्हणजे मगच आमच्या ईपीएबीएक्सची, म्हणजे कचेरीतले फोन जोडून देणाऱ्या यंत्राची, आणि ते सांभाळणाऱ्या इसमाची परीक्षा होते.

जुन्या तारेच्या टेलिफोनला ही विवंचना ठाऊक नव्हती. दूरच्या एक्स्चेंजमध्ये २ व्होल्टच्या २४ शिसे-आम्ल घटांची माळ ४८ व्होल्टचा दाब धरून असे, दमट भूमीतील तार विद्युत्क्षरणाने झिजू नये म्हणून माळेचे धन टोक भूमीस जोडलेले असे, आणि तांब्याच्या ज्या जोडीतून आवाज येई तिच्यातूनच त्याला लागणारी वीजही येई. गावभर काळोख असला तरी डायल टोन मिळे तो त्यामुळेच. कचेरीने मध्ये स्वतःचे यंत्र बसविले आणि ही मिरास आपण होऊन सोडली.

आता भिस्त १२ व्होल्टच्या ४ बॅटऱ्यांवर. चार्जर चालू असताना मीटर ५४ च्या आसपास दाखवितो आणि तेवढ्यावर रजिस्टरात ‘ठीक’ असा शेरा मारण्याचा शिरस्ता आहे. परंतु तो शेरा चार्जरविषयी असतो, बॅटरीविषयी नव्हे. मी मेन स्विच पाडून, यंत्राचा भार अंगावर असताना, प्रत्येक बॅटरीवर निराळा मीटर धरतो: तिघी १२ च्या वर स्थिर राहतात आणि चौथी पाहता पाहता १० च्या खाली उतरते. बहुधा ती जिन्याखालच्या बंद कपाटात, जुन्या दप्तरांच्या उबेत ठेवलेली असते. उष्मा १० अंशांनी वाढला की बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते, हे कपाट नेमून देणाऱ्यांच्या गावी नसते. नवी बॅटरी मागितली की ‘मुंबईत वीज जाते कुठे?’ असे विचारणारे हिशेबनीस १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेल्यानंतर थोडे मवाळ झाले, एवढेच.

बॅटऱ्याही संपल्या तर? त्यासाठी यंत्रात एक तजवीज असते, आणि मला ती सर्वांत प्रिय आहे: प्रवाह तुटताच रिले सुटतो आणि बाहेरची लाईन यंत्राला वगळून थेट एका नेमलेल्या एक्स्टेन्शनला मिळते. अट इतकीच, की तिथे साधा, तारेचा फोन हवा. एका कचेरीत साहेबांनी नेमक्या त्याच जागी कॉर्डलेस आणविला, ज्याच्या बैठकीलाच भिंतीतील वीज लागते. बदलून द्या म्हटले, तर ‘जुनाट डबा टेबलावर शोभत नाही’ असे उत्तर आले. शेवटी मी तो डबा शिपायाच्या स्टुलाशेजारी बसविला.

फायबर आल्यापासून तीही वाट बुजली. काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो, फोन चालेल अशी वीज येत नाही. तेव्हा फायबरची पेटी, स्विच आणि ईपीएबीएक्स या तिन्हींना यूपीएस हवा, आणि त्याची उरलेली सॉकेटे मी चिकटपट्टीने बंद करतो, कारण चहाची किटली लावण्यास तेवढेच सॉकेट सोयीचे वाटणारा मनुष्य प्रत्येक कचेरीत असतो.