साताऱ्याला जायचे राहिले

आम्ही दोघी मिरजेत एका उर्दू शाळेत शिकवतो. दोघींची पस्तिशी उलटलेली. बी.एड. एकाच वर्षी झाले आणि 'रोज चालत जा' असे डॉक्टरांनी बजावले तेही एकाच वर्षी. चालता चालता आम्ही कधी धावू लागलो ते कळलेच नाही. फज्रची नमाज झाली की पंढरपूर रस्त्याला लागायचे. सलवार-कमीज, डोक्याला घट्ट रुमाल, पायात बूट. रविवारी दंडोबाचा डोंगर चढायचा, कारण मनात सातारा होता.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन परत उतरायचे. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. सातवीच्या मुलींना तिचा निम्मा काढायला सांगितला. २१.०९७५ असे उत्तर आल्यावर एकीने विचारले, "आपा, वरचे साडेसत्त्याण्णव मीटरही भागनाच पडता?" म्हटले, "हो, तेच जड जातात."

अर्ज पगार झाल्यावर भरू म्हणालो. पगार झाला तोवर जागा संपल्या होत्या. चूक आमचीच.

ओळखीच्या एका बाईंना जायला जमणार नव्हते. त्या म्हणाल्या, "माझा नंबर लावून धावा, नाव कोण बघतंय?" क्षणभर मोह झाला. पण अशा नंबरामागे रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेला असतो. घाटात काही झाले तर डॉक्टर कोणाच्या घरी कळवणार? आणि दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसू नये हे मुलींना सांगणाऱ्या आम्हीच!

मग एका कागदावर रकाने पाडले. तारीख, फी, अंतर, रजा, बायकांसाठी सोय. मुंबई-पुण्याला रात्रीचा प्रवास आणि मुक्काम आला. शेवटी उरली मिरज-सांगली रस्त्यावरची एक छोटी शर्यत. फी कमी, रस्ता सपाट, तयारीला बारा आठवडे हाताशी. सगळे रकाने जुळले, तरी आम्ही दोघी गप्प.

कारण दोघींनाही ठाऊक होते. साताऱ्यात हजारो अनोळखी माणसांत आम्हाला कोण ओळखणार होते? इथे रस्ता मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळून, सतारी बनवणाऱ्यांच्या दुकानांवरून जाणार होता. भाजीवाले चाचा, मुलींचे अब्बा, सासऱ्यांचे चहाचे दोस्त, सगळे तिथेच. आम्हाला साताऱ्याच्या डोंगराइतकीच तिथली अनोळख हवी होती. मुलींना आम्ही 'लाजू नका' म्हणून शिकवतो. आम्ही स्वतः मात्र लाजत होतो.

आमच्यापैकी एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "सातारा में भागो बेटी, यहाँ कायकू? लोगां क्या बोलेंगे?"

"अम्मी, लोगां रोजच देखते. अब नंबर लगाके देखेंगे."

त्या हसल्या नाहीत, पण 'नको'ही म्हणाल्या नाहीत. अर्ज भरला.

सपाट रस्ता सोपा नसतो हे त्या दिवशी कळले. घाटात चालत चढले तरी कोणी हसत नाही, आणि उतार थोडे श्रम परत देतो. सपाटीवर तेच पाऊल तसेच टाकत राहावे लागते. सोळाव्या किलोमीटरला पोटऱ्या दगड झाल्या. एका खालांनी दारातून पाण्याचा तांब्या पुढे केला. काही पोरे हसली. एका दुकानाच्या पायरीवर आमच्याच एका विद्यार्थिनीचे अब्बा उभे होते. तालुक्याच्या शर्यतीचा फॉर्म त्यांनी सही न करता परत पाठवला होता. आम्ही मान खाली घातली नाही. त्यांनी हात वर करून सलाम केला, आम्हीही केला.

२ तास ५१ मिनिटे लागली. शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर खरेच जड गेले.

सोमवारी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. "आपा, अब्बा पूछ रहे थे, वो दौड कौनसे मैदान पे है?"

फॉर्म कपाटात जपून ठेवला होता. तो तिच्या हातात दिला.