घरातला गणिती

संगणक गणित करतो म्हणजे आकडेमोड करतो, एवढीच आमच्या पिढीची समजूत. नात एम.एस्सी.ला गेली आणि ‘मॅक्झिमा’ नावाचा मुक्त कार्यक्रम आमच्या बडोद्याच्या घरी आला, तेव्हा ती समजूत सैल झाली. त्याला १/३ आणि १/७ यांची बेरीज विचारली, तर तो दशांशाची लांबलचक शेपटी न काढता सरळ १०/२१ असे उत्तर देतो. समीकरणे, विकलन, संकलन सारे अक्षरांनिशी करतो, आणि मोल काही नाही. विकतचा तसा कार्यक्रम घेणे आमच्या निवृत्तिवेतनाला झेपणारे नव्हते. कॉलेजातील प्रयोगशाळा सायंकाळी बंद होई. हा घरी चालला नसता तर नातीचा प्रकल्प अडला असता.

फुकटच्या वस्तूकडे आपण संशयाने पाहतो. याची कुळकथा मात्र ऐकण्याजोगी आहे. याच्या पूर्वजावर अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये १९६८ साली काम सुरू झाले. पुढे विल्यम शेल्टर या गणिताच्या प्राध्यापकांनी १९८२ पासून त्याची एक प्रत एकहाती सांभाळली. १९९८ साली त्यांनी ती सर्वांना खुली करण्याची सरकारी परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले. परवानगी हाती नसती, तर त्यांच्यामागे ते काम पुढे नेणे इतरांना कठीण गेले असते. ती होती, म्हणून इतरांनी ते उचलले आणि आजही चालवीत आहेत.

आता अडचणींविषयी. खिडकी उघडते, प्रश्न लिहिला जातो आणि उत्तर येत नाही, ही पहिली तक्रार. समोरची खिडकी आणि आत गणित करणारा भाग, हे दोन वेगळे कार्यक्रम असून ते एकाच यंत्रात जाळ्याच्या मार्गाने परस्परांशी बोलतात. संगणकाचा पहारेकरी, ज्याला फायरवॉल म्हणतात, तो कधी कधी या घरच्याच माणसांना चोर समजून अडवतो. त्याला एकदा परवानगी दिली की बोलणे सुरू होते. शिवाय नुसते एंटर दाबल्याने फक्त पुढची ओळ मिळते. शिफ्ट धरून एंटर दाबावे लागते. ‘अ’ला ५ ही किंमत द्यायची तर मध्ये बरोबरचे चिन्ह चालत नाही, कोलन लागतो, बरोबरचे चिन्ह केवळ समीकरण मांडते. १०० चा क्रमगुणित विचारला, तर १५८ अंकांपैकी मधले ९८ झाकून दाखवतो. त्यात बिघाड काही नाही, जागेची काटकसर आहे.

आम्हांला सर्वांत आवडली ती त्याची उलट विचारणा. एखाद्या राशीच्या ‘न’व्या घाताचे संकलन मागितले, की तो थांबतो आणि विचारतो, ‘न’ उणे एक आहे काय? पुष्कळांना वाटते, यंत्र अडकले. वास्तविक तो उत्तराची वाट पाहत असतो, कारण उणे एकाला नेहमीचा नियम लागू पडत नाही, तेथे लॉगरिदम येतो. शाळेत आमचे गुरुजी नेमके येथेच छडी आपटीत.

शेवटी आलेखांनी छळले. बेरजा होत, पण आलेखाची रेषा उमटेना. नातीने संगणकावर आपले नाव देवनागरीत घातले होते, आमच्याच आग्रहाने. आलेखाची तात्पुरती फाइल त्याच नावाच्या कप्प्यात जाते, आणि जुन्या घडणीच्या काही भागांना रोमनखेरीज अक्षरे वाचता येत नाहीत.

“आजोबा, नाव इंग्रजीत करू का?” तिने विचारले.

“नको,” आम्ही म्हणालो, “दुसरी वाट आहे का ते आधी पाहा.”

वाट होती. तात्पुरत्या फायली कोठे ठेवाव्यात, हे मॅक्झिमाला सांगता येते. तिने साध्या रोमन नावाचा एक निराळा कप्पा केला आणि त्याचा पत्ता सेटिंगमध्ये लिहिला. त्या रात्री अकरा वाजता पहिला अन्वस्त पडद्यावर उमटला; तिच्या आजीने तो पाहून विचारले, ही पणती कुणी काढली?